आठ लाख ठिपके

परवा भाच्याचं एक वाक्य कानावर पडलं आणि रसासाठी पिळायला घेतलेला आंबा माझ्या हातात तसाच राहिला. पोरगं टीव्हीवर गाड्यांचा खेळ खेळत होतं आणि फोनवरच्या मित्राला ओरडून सांगत होतं, "रिझोल्यूशन उतरव की भावा! मग बघ गाडी कशी पळतीया!" एवढंच. त्यात दचकण्यासारखं काही नाही हे मलाही कळतं. पण मी दचकले. इतकी, की वहिनीनं विचारलं, "काय झालं वन्सं? इंगळी डसली का काय?"

खाली गल्लीत कुणाच्या तरी हळदीचा बेंजो वाजत होता. वैशाख आहे, लग्नसराई आहे. ती दरवर्षी येते आणि दरवर्षी मला त्या एका वैशाखापाशी नेऊन उभी करते. वीसेक वर्षं झाली असतील. इतक्या वर्षांनी धक्क्याची नुसती आठवण उरते, धार बोथट होते, असं लोक म्हणतात. माझ्या बाबतीत तसं काही झालेलं नाही. मी अजून हादरलेलीच आहे.

आमचं घर मंगळवार पेठेत, दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत आप्पांचा धंदा. आप्पा म्हणजे माझे वडील. त्यांचं तरुणपण एका छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवण्यात गेलं होतं. उलटी अक्षरं सुलट वाचणारा माणूस. खिळ्यांचे दिवस संपले तेव्हा चाळिशी उलटलेल्या या माणसानं कॉम्प्युटर शिकून घेतला, घरात आणून बसवला आणि लग्नपत्रिका जुळवून द्यायला सुरुवात केली. छपाई पलीकडच्या गल्लीतल्या प्रेसवर व्हायची.

लग्नपत्रिका ही आमच्याकडे किरकोळ गोष्ट नाही. वर 'श्री जोतिबा प्रसन्न', खाली चिमुकल्यांचं आग्रहाचं निमंत्रण, आणि मधे सगळी भावकी. चुलते, चुलत चुलते, मामा, आत्याचे यजमान. एक नाव राहून गेलं तर मांडवात मारामारी होते आणि पुढे दोन पिढ्या बोलणं बंद राहतं. म्हणून लोक आप्पांकडे यायचे. "आप्पांच्या नजरंखालनं गेलं की चुकायचं न्हाय," असं पार गडमुडशिंगी गावापासून लोक म्हणायचे. या एका वाक्यावर आमचं घर चालत होतं.

त्या वैशाखात माझी दहावीची परीक्षा झाली होती आणि निकाल लागायचा होता. दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ गिरीश, पॉलिटेक्निकला होता. घरात पत्रिकांच्या गठ्ठ्यांचा तो कोरा, जरासा गोडसर वास. जिन्यात करवंदवालीची पाटी टेकलेली. जोतिबाला पहिली पत्रिका ठेवून आलेली माणसं तशीच गुलालानं माखलेली वर यायची, आणि मग आमचा कीबोर्ड आठवडाभर गुलाबी असायचा. उकाड्यात कॉम्प्युटर तापायचा म्हणून दादानं त्याच्या डब्याचं एका बाजूचं झाकण काढून टेबलफॅन त्याच्याकडे वळवून ठेवला होता. आई पदरानं वारा घेत म्हणायची, "व्हय बाबा, माणसं उकडून मरंनात. तुझा डबा तेवढा गार ऱ्हाऊ दे."

आप्पा दुपारी जेवून आतल्या खोलीत आडवे व्हायचे, तेवढा वेळ कॉम्प्युटर आमचा. दादाच्या मित्रानं गाड्यांच्या शर्यतीचा खेळ दिला होता. वेष्टणावर लाल गाडी अशी झळाळत होती की बघत राहावं. प्रत्यक्षात आमची गाडी अडखळायची. म्हणजे पळायचीच नाही. समोर सरळ रस्ता दिसतोय म्हणेपर्यंत ती झाडात घुसलेली असायची. वळण कधी आलं आणि कधी गेलं ते कॉम्प्युटरनं आम्हाला दाखवलेलंच नसायचं.

दादानं चार दिवस डोकं खाजवलं, कॉलेजात कुणाकुणाला विचारलं आणि एका दुपारी मला धरून बसवलं. "हे बघ वैजू. गाडी काय खरी पळत न्हाय. चित्रामागनं चित्र काढायचं. सेकंदाला पंचवीस-तीस निघाली तर डोळ्याला पळाल्यागत दिसतंय. आपल्याकडं निघत्यात आठ-धा."

"का?"

"ठिपके लई हाईत म्हणून."

आई दाराशी तांदूळ निवडत बसली होती. ती म्हणाली, "कसले ठिपके?"

दादानं तिलाच गिऱ्हाईक केलं. पडदा म्हणजे ठिपक्यांची रांगोळी, त्यालाच रिझोल्यूशन म्हणायचं. आडवे हजारभर, उभे पावणेआठशेच्या आसपास, म्हणजे सगळे मिळून आठ लाखांच्या घरात. प्रत्येक चित्राला तेवढे सगळे ठिपके नव्यानं रंगवायचे. आप्पांना पत्रिकेचं अख्खं पान एका नजरेत दिसायला पाहिजे म्हणून त्यांनी ठिपके इतके वाढवून ठेवले होते. ते सहाशेचाळीस आणि चारशेऐंशीवर उतरवले, तर उरतात जेमतेम तीन लाख. काम निम्म्याहून कमी, मग चित्रं दुपटीहून जास्त.

"एवढंच व्हय?" आई म्हणाली. "सात ठिपक्यांची रांगोळी घातली तर च्या उकळायच्या आत आवरत्या. एकवीसाची घालाय बसलं की दूध उतू जातंय. त्येला शिकाय कशाला जाया पाहिजे?"

दादानं ठिपके उतरवले. अक्षरं, चौकोन, सगळं जाडंभरडं झालं. रस्त्याच्या कडा पायरीपायरीनं तुटलेल्या. झाडं म्हणजे हिरवे डबे. पण गाडी! ती लाल गाडी अशी सुटली की मी खुर्चीची कड घट्ट धरली. तेच यंत्र, तोच खेळ, त्यात एक पैचा फरक नाही, आणि फक्त चित्र कमी सुंदर केल्यावर ते जिवंत झालं. पंधरा वर्षांच्या मला हे पटेना. नीटसपणाची किंमत वेगानं मोजावी लागते, हे मला तोवर कुणी शिकवलं नव्हतं. शाळेत तर सुवाच्य आणि जलद दोन्ही एकदम मागायचे.

मग तो रोजचा परिपाठ झाला. आप्पा झोपले की उतरवायचं, ते उठायच्या आत चढवायचं. त्यांच्या पडद्याला हात लावणं म्हणजे वाघाच्या मिशीला हात लावणं. त्या वर्षी तर ते फारच चिडचिडे झाले होते. काम करताना खोलीत कुणी थांबलेलं चालायचं नाही. "बाहेर जावा रं, टाळकं उठवू नका," म्हणून दार ओढून घ्यायचे. मला मात्र आत बोलावायचे ते पत्रिका वाचायला. मुद्रित तपासायचं असायचं. "मोठ्यानं वाच. एकेक नाव सुटं सुटं. जीभ वळाय पाहिजे," म्हणायचे. मी वाचायची, ते डोळे मिटून ऐकायचे आणि कुठे काना चुकलाय ते सांगायचे. मला वाटायचं, मला वक्तृत्वाच्या स्पर्धेसाठी तयार करताहेत. तशी बक्षिसंही मिळाली होती.

आणि एका दुपारी वीज गेली. आमची गाडी शेवटच्या वळणावर, आणि फट्दिशी अंधार. भारनियमनाचं वेळापत्रक असायचं, पण ते पाळायचं बंधन फक्त आमच्यावर असायचं. पडदा काळा, ठिपके उतरलेलेच, आणि चढवायचे तर वीज हवी. ती आली तेव्हा आप्पा तोंड धुऊन खुर्चीत बसले होते. दादा आणि मी दाराआड. कॉम्प्युटर सुरू झाला. अक्षरं ही एवढाली. पत्रिका उघडली, तर पानाचा एक कोपराच दिसत होता. आता पट्टा निघणार, असं धरून मी कान झाकले.

आप्पांनी पान एकदा खाली, एकदा वर सरकवून पाहिलं. मग म्हणाले, "गिरीश, हे तू केलंस?"

"व्हय आप्पा. खेळासाठी केलतं. आत्ता बदलतो."

"ऱ्हाऊ दे."

दादाला वाटलं, नीट ऐकू आलं नाही. "जी?"

"ऱ्हाऊ दे म्हणालो की. तुमचा खेळ चांगला चालतोय न्हवं असं ठेवलं की? मग असू दे तसंच. सुट्टी हाय तवर खेळा."

आम्ही दोघंही भिंतीला टेकलो. आमच्या आप्पांनी, ज्यांनी पत्त्यांचा जोड चुलीत घातला होता, त्यांनी आमच्या खेळासाठी स्वतःचं पान अर्धं कापून घेतलं होतं! पुढचे काही दिवस आम्ही हवेत होतो. आप्पांचा स्वभाव निवळला, दार उघडं राहू लागलं. पान वरखाली सरकवत ते शांतपणे काम करायचे, चक्क गुणगुणायचे. आई मात्र साशंक होती. "ह्या माणसाला झालंय तरी काय?" ती मला हळूच विचारायची. "स्कूटर बी काढीत न्हाईत हल्ली. चालत जात्यात. साखर उतरती म्हणं." आप्पांना मधुमेह होता, त्यामुळे चालण्याचं आम्हाला कौतुकच वाटलं होतं.

माणूस स्वतःच्या घरात किती आंधळा असू शकतो, याचा मला अजून अंदाज येत नाही.

दादाच्या मनाला मात्र आप्पांचं ते अर्धं पान लागून राहिलं. आप्पांनी आपल्यासाठी एवढं केलं, आपण काहीतरी केलं पाहिजे, असं तो सारखं म्हणायचा. त्याच्या वर्गमित्रानं ठिपके रंगवणारं नवीन ग्राफिक्स कार्ड घेतलं तेव्हा जुनं, पण आमच्याहून कितीतरी दांडगं, दादाला देऊन टाकलं. दादानं ते सकाळी आप्पा आंघोळीला गेलेले असताना बसवलं. आठ लाख ठिपके, आणि तरी गाडी लोण्यासारखी. चित्र नितळ आणि वेगही तसाच. मी टाळ्या वाजवल्या. आता आप्पांना अख्खं पान परत मिळणार होतं.

आप्पा बाहेर आले तेव्हा जिन्यावरून पावणं वर येत होते. गडमुडशिंगीचे कुणी शेतकरी, मुलीचं लग्न, जोतिबाहून थेट आलेले. कानाच्या पाळ्यांपर्यंत गुलाल. ते म्हणाले, "आप्पा, तेवढी नावं डोळ्याखालनं घाला. आमच्या थोरल्या चुलत्याचं नाव सुटलं तर आमचं काय खरं न्हाय."

दादा हसत होता. त्याला राहवत नव्हतं. "आप्पा, बघा की! तुमचं पान परत पहिल्यासारखं केलंय. आता खेळासाठी उतरवायची गरजच न्हाय. नवीन कार्ड घातलंय."

आप्पांचा चेहरा मी पाहिला. आनंद झाला नाही, एवढंच मला कळलं.

ते खुर्चीत बसले. दादानं उघडून दिलेल्या पावण्यांच्या पत्रिकेकडे बघितलं. मग म्हणाले, "वैजू, वाच."

दादा म्हणाला, "आप्पा, तुमच्या म्होरंच हाय की. वरनं तिसरं."

पावणं वाकून वाट बघत होते. आप्पांनी उजव्या हाताचं बोट उचललं आणि पडद्यावर टेकवलं. "हे न्हवं? हितं हाय की थोरल्या चुलत्याचं नाव."

ते बोट कोऱ्या जागेवर होतं. नावं संपून खाली वेलबुट्टी सुरू होते, त्याच्या मधल्या पांढऱ्या पट्टीवर.

पावण्यांना ती थट्टा वाटली. ते हसले, "काय आप्पा, सकाळ सकाळी चेष्टा करता व्हय गरिबाची?" दादा हसला नाही. मीही नाही. टेबलफॅन डब्यावर वारा घालत होता. मी जमिनीवर बसले. आप्पांनी बोट काढलं नाही. त्यांना कळलं होतं की चुकलंय, पण बोट कुठे न्यायचं ते दिसत नव्हतं.

त्या एका क्षणात सगळं मागून पुढे येऊन आदळलं. दार का ओढलेलं असायचं: पडद्याला नाक लावून काम करताना आम्ही बघू नये म्हणून. स्कूटर का सुटली. चिडचिड का होती, आणि ठिपके उतरल्याबरोबर ती कुठे गेली. माझी जीभ कशासाठी वळवली जात होती. आमच्या खेळाचं कौतुक कसलं आणि काय! अक्षरं मोठी दिसत होती म्हणून आमच्या गाडीला परवानगी होती. खेळाला चित्रं भराभर मिळावीत, हे निमित्त होतं. नवीन कार्ड बसवून दादानं ते निमित्तच काढून घेतलं होतं, तेही आनंदानं, बक्षीस म्हणून.

मला सगळ्यात जास्त काय हादरवतं सांगू? स्कूटर सोडण्याआधी ते मला परीक्षेला मागे बसवून घेऊन जात होते. तेव्हा त्यांना किती दिसत होतं, ते मी पुढे कधी विचारू शकले नाही. विचारायचं धाडस होण्याआधीच ते गेले.

पावणं गेल्यावर आई म्हणाली, "कवापासनं?"

"थंडीपासनं जरा जरा," आप्पा म्हणाले.

"आनि सांगितलं न्हाई?"

"सराई सरू दे म्हणालो. तोंडावर लगनं आल्यात लोकांची. कंपोझिटरला दिसत न्हाय म्हणून एकदा पेठेत झालं, तर कोण येईल गं पायरीला?"

आई सीमेकडची, तिचं माहेर कानडी मुलखाला लागून. फार संतापली की ती कानडीत जायची. त्या दिवशी ती "अय्यो" एवढंच म्हणाली आणि पुढे तिला कुठलीच भाषा सापडली नाही.

मिरजेच्या डॉक्टरांनी आप्पांच्या डोळ्यांत बराच वेळ उजेड मारून पाहिलं. साखरेनं डोळ्याच्या आतल्या बाजूला रक्त उतरलं होतं. ते म्हणाले, उजव्या डोळ्यातून आता फारसं मिळणार नाही. डाव्यावर लेसर करू. गेलेलं परत येत नाही, उरलेलं राखता आलं तर राखू. "लवकर आला असता तर," असं त्यांनी सुरू केलं आणि आईकडे बघून ते वाक्य तिथंच सोडलं. कुणाकुणाच्या लग्नांच्या पत्रिकांपायी माझ्या बापाचा डोळा गेला होता. त्यातली कितीतरी जोडपी आज मला बाजारात भेटतात, हसतात, मुलांना माझ्या पाया पडायला लावतात.

त्या वैशाखातली काही दृश्यं मला अतोनात स्वच्छ दिसतात. पांढरी पट्टी, बोटाच्या पेराला लागलेली शाई, गुलाबी झालेली कीबोर्डची बटणं. पण त्यातलं काहीच हलत नाही. आणि आप्पा चालताना, हसताना, जिना उतरताना आठवायचे म्हटलं तर चेहऱ्याचा हट्ट सोडावा लागतो. मग ते धूसर होतात आणि चालू लागतात. दोन्ही एकदम मिळावं एवढी माझ्या डोक्याची ताकद नाही, आणि तिथं घालायला कुणी जुनं कार्ड देत नाही.

मिरजेच्या फेऱ्या संपत आल्या तेव्हा सराईही संपत आली होती. एका सकाळी आप्पा खुर्चीत बसले आणि म्हणाले, "गिरीश, तो तुमचा खेळ लाव बघू. एवढं दिवस त्येच्या नावावर खपलं. मी काय तो बघितलाच न्हाय."

दादानं त्या सकाळच्या प्रसंगापासून खेळाला हात लावला नव्हता. त्यानं ठिपके अगदी खाली उतरवले आणि खेळ लावला.

"आपली गाडी कंची?"

"लाल, आप्पा."

आप्पा डावा डोळा पुढे करून बघत राहिले. "लाल काय ओळखू येईना बाबा. पन पळतीया. पळतीया हे लई झ्याक दिसतंय!" आणि ते हसले. मी पुन्हा हादरले. या माणसाला हसू येतं?

"आता बास. आता माझं पान काढ," ते म्हणाले. "आनि ठिपके वाढीव. एकदम नगं, एकेक पायरी."

दादानं एक पायरी वर नेली. आठशे आणि सहाशे. असं बदललं की पडद्यावर एक चौकट यायची: हे असंच ठेवायचं का? उत्तर नाही दिलं तर थोड्या वेळात सगळं आपोआप पहिल्यासारखं व्हायचं. आप्पा पुढे वाकले आणि वाचायला लागले. हळू, एकेक अक्षर चाचपत, पण स्वतः. वराचं नाव वाचलं, वडिलांचं वाचलं, गाव वाचलं. मला वाच म्हणाले नाहीत. दादानं 'हो' दाबलं.

"वाढीव."

दादानं आठ लाख ठिपके केले. अख्खं पान आलं, सगळी भावकी एका नजरेत. चौकट आली. आप्पा वाकले, आणखी वाकले, नाक काचेला टेकलं. दादा चौकटीतल्या 'हो'वर बाण नेऊन थांबला.

"वाचा की आप्पा," तो म्हणाला. एवढा मोठा मुलगा, आवाज अगदी लहान पोराचा.

आप्पांनी नाही म्हणून मान हलवली. चौकट वाट बघून मिटली आणि पडदा आपोआप एक पायरी खाली आला.

"हितवर माझं," आप्पा म्हणाले. "ह्येच्या म्होरलं तुमी वाचायचं."

आईनं दारात उभ्या उभ्या पदर तोंडाला लावला. दादा उठून गॅलरीत गेला. आप्पांनी खुर्ची पुढे ओढली, बोट पडद्यावर टेकवलं, बरोबर ओळीवर, आणि ते पुढचं नाव वाचायला लागले.